मंडई कशाला म्हणायचं?

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. या संस्थेनं १९२८ साली ‘न्यायकोश’ नावाच्या जाडजूड ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. मूळ ग्रंथ भीमाचार्य झळकीकरांचा, सुधारणा वासुदेवशास्त्री अभ्यंकरांची. भारतीय दर्शनांतल्या पारिभाषिक शब्दांचा हा कोश, म्हणजे पानोपानी नुसत्या व्याख्या. इंटरनेटविषयीच्या पुस्तकात त्याचं काय काम, असं वाचकाला वाटेल. या प्रकरणातला प्रश्न आहे व्याख्या चुकते ती नेमकी कुठे, हा. आणि त्याचं उत्तर नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, इंटरनेटच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं आहे.

त्यांचं ठरलेलं उदाहरण गाईचं. अन्नंभट्टानं आपल्याच ‘तर्कसंग्रह’ या न्यायग्रंथावर लिहिलेल्या टीकेत ते येतं. समजा कुणी म्हणालं, ‘गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी.’ मग पांढऱ्या आणि काळ्या गाईंनी जायचं कुठे? व्याख्या तोकडी पडली. या दोषाचं नाव अव्याप्ती. दुसरा म्हणाला, ‘गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी.’ आता म्हैस आणि शेळीही गोठ्यात शिरली. ही अतिव्याप्ती. तिसरा म्हणाला, ‘गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी.’ गाईचा खूर दुभंगलेला असतो, म्हणजे ही व्याख्या एकाही गाईला लागू पडत नाही. हा असंभव. मग गाय ओळखायची कशी? तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवरून. तिला संस्कृतात सास्ना म्हणतात.

नैयायिकांचं एक भाग्य होतं. गाईची सास्ना हजार वर्षांत बदलली नाही. कायदे आणि धोरणं लिहिणाऱ्यांचं तसं नाही. ते ज्या यंत्राची व्याख्या करतात, ते यंत्र व्याख्येची शाई वाळायच्या आत मोडीत निघालेलं असतं. आज बरोबर असलेली व्याख्या दहा वर्षांनी अव्याप्त होते, आणि त्यात लिहिणाऱ्याची चूक काढताही येत नाही. म्हणून धोरण लिहिणाऱ्याला गाईचा रंग टाळून सास्ना शोधावी लागते. तंत्रज्ञान-निरपेक्ष व्याख्या म्हणतात ती हीच. तिची परीक्षा घ्यायला इंटरनेट एक्स्चेंज पॉइंटइतकं चांगलं उदाहरण नाही. ही जागा फार थोड्या लोकांनी पाहिली आहे, तिच्यावाचून कुणाचं चालत नाही, आणि तिची यंत्रसामग्री तीस वर्षांत चार वेळा तरी पार बदलली आहे.

ओट्याचं भाडं

आधी वस्तू समजून घेऊ. इंटरनेट हे एक जाळं नाही, ती हजारो स्वतंत्र जाळ्यांची बेरीज आहे. मोबाइल कंपनीचं एक जाळं, गल्लीतल्या ब्रॉडबँडवाल्याचं दुसरं, व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपनीचं तिसरं, विद्यापीठाचं चौथं. जे जाळं आपली वाहतूक कुठून न्यायची हे स्वतः ठरवतं, त्याला ऑटोनॉमस सिस्टिम म्हणतात. आपण त्याला ‘स्वायत्त जाळं’ म्हणू. प्रत्येक स्वायत्त जाळ्याला जगात एकमेव असा क्रमांक असतो.

आता समजा, कोथरूडच्या एका घरातून गणेशखिंडीतल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर प्रवेशअर्ज भरायचा आहे. घर एका कंपनीच्या जाळ्यावर, सर्व्हर दुसऱ्या. दोन्ही जाळी पुण्यातच आहेत, पण एकमेकांना भेटतात कुठे? ती जर भारतात कुठेच भेटत नसतील आणि दोघांनीही परदेशी वाहतूकदाराकडून जोडणी घेतली असेल, तर अर्ज देशाबाहेर जाऊन परत येणार. कोथरूडहून गणेशखिंडीला व्हाया सिंगापूर! काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई आणि परत, असं तीनशे किलोमीटरचं अंतर कापायला त्याला दीड मिलिसेकंद लागतो. सिंगापूरला जाऊन यायचं तर रस्ता कितीही सरळ असला तरी चाळीसच्या आसपास. शिवाय समुद्राखालच्या केबलचं भाडं डॉलरमध्ये, दोन्ही बाजूंचं.

हा वळसा टाळण्यासाठीच २००३ साली ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ म्हणजे ‘निक्सी’ ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. देशातली वाहतूक देशातच फिरावी, हा तिचा उद्देश. सुरुवातीची केंद्रं दिल्लीलगतचं नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथली. पुढे खासगी एक्स्चेंजही आली. समुद्री केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, डेटा सेंटरंही मुंबई-नवी मुंबईत दाटलेली, त्यामुळे आपल्या भागातली मोठी एक्स्चेंज तिथेच वाढली.

एक्स्चेंज म्हणजे काय, हे पुणेकराला मंडईवरून चटकन कळावं. महात्मा फुले मंडई १८८६ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. मंडई स्वतः मेथीची एक जुडीही विकत नाही. ती ओटे देते, छप्पर देते, दिवाबत्ती आणि झाडलोट बघते, आणि भाडं घेते. भाव ठरतो ओट्यावरचा विक्रेता आणि समोरचं गिऱ्हाईक यांच्यात. मंडईनं मेथी निवडून द्यावी किंवा कोथिंबीर बदलून ठेवावी, अशी कुणाची अपेक्षा नसते. एक्स्चेंजही तसंच. प्रत्येक जाळं आपली एक तार तिथवर आणतं, एक जागा म्हणजे पोर्ट भाड्यानं घेतं, आणि तिथे आलेल्या इतरांशी परस्पर देवघेव करतं. या देवघेवीला पीअरिंग म्हणतात.

फायदा साध्या गणिताचा आहे. पन्नास जाळ्यांनी एकमेकांना थेट जोडायचं ठरवलं, तर १,२२५ जोडण्या लागतील. मंडईत आलं की पन्नास पुरतात.

व्याख्या लागते कुणाला?

इंजिनिअरला व्याख्या लागत नाही. एक्स्चेंज समोर दिसलं की तो ओळखतो. व्याख्या लागते वाटप करणाऱ्याला, परवाना देणाऱ्याला आणि रखवालदाराला.

वाटपाचं बघू. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांची, एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आशिया-पॅसिफिकची वाटपसंस्था एपीनिक हिनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या साठ्याला हात घातला आणि रेशनिंग सुरू केलं. पुढे एक्स्चेंजची सोय कशी करायची? तिथल्या प्रत्येक सभासदाला सामायिक जागेतला एकेक पत्ता लागतो. पत्ते संपले म्हणून मंडईच उघडली नाही, तर सगळ्यांचंच नुकसान. म्हणून युरोप आणि अमेरिकेतल्या वाटपसंस्थांनी एक्स्चेंजसाठी पत्ते बाजूला राखून ठेवले. एका छोट्या गटात असे २५६ पत्ते असतात.

राखीव जागा म्हटली की रांग लागते, आणि रांगेत भलतेही उभे राहतात. दोन मित्रांनी आपली दोन जाळी एका खोलीत जोडली आणि म्हणाले, आमचं एक्स्चेंज, द्या पत्ते. एखाद्या कंपनीनं आपल्याच दोन शाखा जोडून तोच दावा केला. यांना नाही म्हणायला लेखी व्याख्या हवी.

परवान्याचं दुखणं वेगळं. भारतात एक्स्चेंज चालवायचं तर इंटरनेट सेवा पुरवणाऱ्याचा परवाना लागे. म्हणजे भाजी विकण्याचा परवाना मंडईच्या छपराला! दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं डिसेंबर २०२१ मध्ये यावर चर्चापत्र काढलं आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी शिफारस केली, की एक्स्चेंजला स्वतंत्र आणि हलक्या अटींचा परवाना असावा. नव्या दूरसंचार कायद्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं नेटवर्क परवानग्यांचा जो आराखडा सुचवला, त्यातही एक्स्चेंजचा वेगळा कप्पा आहे. कप्पा वेगळा केला की त्यात कोण बसणार हा प्रश्न आलाच.

तिसरा रखवालदार. एक्स्चेंज बंद पडलं तर शहराचं काय होईल, या काळजीनं युरोपीय संघानं २०१६ च्या सायबर सुरक्षा निर्देशात त्याला अत्यावश्यक सेवांच्या यादीत घातलं. ज्याच्यावर सुरक्षेची बंधनं लादायची, त्याचं वर्णन आधी नक्की करावं लागतं.

म्हणजे वस्तू एक आणि तिच्याकडे बघणारे तीन. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

गॅरेज, कडं आणि स्विच

आता गाईचा रंग किती वेळा बदलला ते बघू. अमेरिकेतलं सुरुवातीचं सर्वांत गाजलेलं एक्स्चेंज म्हणजे ‘मे-ईस्ट’. वॉशिंग्टनजवळच्या टायसन्स कॉर्नर भागात, एका गाड्या लावायच्या गॅरेजमधल्या खोलीत, १९९० च्या दशकात देशाच्या इंटरनेटची वाहतूक एकत्र यायची. तिथे एफडीडीआय नावाचं तंत्र आलं. काचतंतूचं कडं, वेग १०० मेगाबिट. तेव्हा तो अफाट वाटे.

त्याच दशकाच्या मध्यावर शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्चेंजांनी एटीएम हे तंत्र घेतलं. बँकेचं यंत्र नव्हे. हे टेलिफोन कंपन्यांचं लाडकं जोडणी-तंत्र. पुढचं जग याचंच, असं जाणकार छातीठोकपणे सांगत. काही वर्षांत कडंही गेलं आणि एटीएमही. राहिला इथरनेटचा साधा स्विच, कार्यालयांतले संगणक जोडायला वापरतात त्याचाच मोठा भाऊ. १९९४ साली लंडनमध्ये ‘लिंक्स’ सुरू झालं ते १० मेगाबिटच्या स्विचवर. आज पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातली जोडणीही त्याहून वेगवान असते.

मग स्विचही एकटा पुरेना. मंडई एका इमारतीत मावेनाशी झाली. मुंबईतलं डी-सिक्स कंपनीचं एक्स्चेंज अनेक डेटा सेंटरांत पसरलेलं आहे. सभासद कुठल्याही एका इमारतीत जोडला गेला तरी तो त्याच सामायिक जागेत असतो. या विखुरलेल्या इमारतींमधून ‘आपण सगळे एकाच खोलीत आहोत’ असा आभास निर्माण करायला एमपीएलएस, व्हीएक्सलॅन अशी नवी तंत्रं आली. आतून वाहतूक एका पद्धतीनं जाते, सभासदाला मात्र ती दुसऱ्याच पद्धतीची दिसते.

या पार्श्वभूमीवर युरोपच्या वाटपसंस्थेनं, राइप एनसीसीनं, आपल्या एका जुन्या धोरणात केलेली व्याख्या पाहा. तिचा आशय असा: एक्स्चेंज म्हणजे एकाच संस्थेनं चालवलेली, दुसऱ्या स्तरावरची, भौतिक जाळे-यंत्रणा, तिचा हेतू इंटरनेट सेवा पुरवठादारांमधली वाहतूक सुलभ करण्याचा, जोडलेले पुरवठादार किमान तीन, आणि नव्यांना येण्यासाठी स्पष्ट, खुलं धोरण असलं पाहिजे.

तज्ज्ञांनी लिहिलेली, आटोपशीर व्याख्या. तरी न्यायकोश हातात घेऊन एकेक शब्द तपासू.

‘दुसरा स्तर’ म्हणजे काय? संगणकांच्या बोलण्याचे थर मानतात. पहिला थर नुसत्या तारेचा, दुसरा एका खोलीतल्या यंत्रांच्या देवघेवीचा, तिसरा जगभरच्या पत्त्यांचा. त्या काळात सगळी नावाजलेली एक्स्चेंज दुसऱ्या थरावर चालत, म्हणून तो शब्द आला. पण हा गाईचा रंग आहे. एखाद्या एक्स्चेंजनं आतली वाहतूक तिसऱ्या थरावरून नेली आणि सभासदांना त्याचा पत्ताही लागला नाही, तर ते एक्स्चेंज उरलं नाही का? उद्या नुसत्या प्रकाशाच्या किरणांची अदलाबदल करणारं, पहिल्या थरावरचं एक्स्चेंज निघालं, तर? कामात फरक नाही, तरी व्याख्या त्यांना बाहेर काढते. अव्याप्ती.

‘सेवा पुरवठादार’ हा शब्दही तसाच. सुरुवातीला मंडईत येणारे खरंच घरोघरी इंटरनेट विकणारेच होते. निक्सीची स्थापनाही पुरवठादारांनी आपापसांत पीअरिंग करावं म्हणूनच झाली. मात्र आज एक्स्चेंजवरचे सर्वांत अवजड ओटे असतात व्हिडिओ आणि क्लाउड कंपन्यांचे. शिवाय बँका येतात, विद्यापीठं येतात. यांतलं कुणीच घरोघरी इंटरनेट विकत नाही. ‘मंडई म्हणजे शेतकऱ्यांनी भाजी विकायची जागा’ असं लिहिलं, तर मधले व्यापारी, फुलवाले आणि नारळवाले सगळे बेकायदा ठरतील. इथे ‘स्वायत्त जाळं’ हा शब्द अचूक बसतो, कारण तो धंदा विचारत नाही, फक्त स्वतंत्रपणा विचारतो.

‘भौतिक यंत्रणा’ हा शब्द काठावरचा. शेवटी कुठेतरी तार आणि पेटी असतेच. पण पेट्या एकाच्या, तारा दुसऱ्याच्या, त्यावरची मंडई तिसऱ्याची, अशी व्यवस्था असेल तर ‘भौतिक’ आणि ‘एकाच संस्थेनं’ हे दोन शब्द एकमेकांच्या पायात येतात.

‘किमान तीन’ मात्र सोनं आहे. दोघांना जोडायला दोघांमधली तार पुरते, तिला मंडई म्हणायचं कारण नाही. तिसरा आला की सामायिक जागेची गरज उत्पन्न होते. ही अट कुठल्याही यंत्रावर अवलंबून नाही. १९९४ मध्ये खरी होती, २०५० मध्येही खरी राहील. व्याख्येत आकडा आला म्हणजे ती तंत्रज्ञानाला बांधली गेली, असा सरसकट नियम नाही. आकडा यंत्राचा आहे की नात्याचा, हे बघायचं.

२०१६ च्या युरोपीय निर्देशातली व्याख्या याच वाटेनं गेली, आणि २०२२ च्या सुधारित निर्देशानं ती वाट कायम ठेवली. मराठीत सांगायचं तर: दोनहून अधिक स्वतंत्र जाळ्यांना मुख्यतः इंटरनेटची वाहतूक देवघेव करता यावी म्हणून जोडणारी सोय, ती फक्त स्वायत्त जाळ्यांनाच जोडते, कोणत्याही दोन जाळ्यांमधली वाहतूक तिसऱ्या जाळ्यातून जावी अशी सक्ती करत नाही, आणि त्या वाहतुकीत बदल किंवा ढवळाढवळ करत नाही. यात स्विच नाही, कडं नाही, थर नाही, इमारत नाही. ‘स्वतंत्र’ या शब्दानं एकाच कंपनीच्या दोन शाखांना दार बंद झालं. शेवटच्या दोन कलमांनी वाहतूक विकणारा दलाल बाहेर राहिला, कारण त्याच्याकडे दोघांमधला माल त्याच्याच जाळ्यातून जातो. मंडई मेथी विकत नाही, हेच कायद्याच्या भाषेत. एक्स्चेंजची सास्ना इथे सापडते: जोडायचं, आणि मध्ये पडायचं नाही.

आता तीन बघणारे आठवा. राइपच्या व्याख्येत ‘खुलं धोरण’ हवं, युरोपीय निर्देशात ती अट नाही. कुणाची चूक? कुणाचीच नाही. राइप सार्वजनिक पत्ते वाटते, म्हणून मंडई सर्वांना खुली आहे का, हे तिनं विचारलंच पाहिजे. रखवालदाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. मोजक्यांसाठीचं बंद दाराचं एक्स्चेंज कोसळलं तरी शहर तितकंच अडेल. म्हणून दुसऱ्याची व्याख्या उचलून आपल्या धोरणात चिकटवण्याआधी ती कशासाठी लिहिली होती, हे विचारावं.

बिनतारी तार

तंत्रज्ञान-निरपेक्ष व्याख्या किती टिकते आणि टिकल्यावर काय करते, याचा धडा पुणे जिल्ह्यातच मिळतो. १८८५ साली, फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, भारतीय तार कायदा झाला. त्या काळी तार म्हणजे खांबांवरची तार, आणि तिच्यावरून आलेला निरोप म्हणजेही तार. ती आली की घर आधी रडायला बसे, मग पाकीट फोडी. मात्र कायदा लिहिणाऱ्यांनी व्याख्येत खांबही धरला नाही आणि तारही. विजेच्या किंवा चुंबकत्वाच्या साहाय्यानं निरोप पाठवणारी आणि घेणारी उपकरणं, अशा धाटणीनं त्यांनी लिहिलं. टेलिफोन तेव्हा देशात नुकता आला होता, तोही त्यात मावला.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विननं भारत-इंग्लंड बिनतारी सेवेचं उद्घाटन केलं. तिची केंद्रं होती खडकीला आणि दौंडला. तारेचा कायदा आणि बिनतारी यंत्र, तरी गाडं अडलं नाही. १९६१ मध्ये व्याख्या आणखी रुंद करून तिच्यात चिन्हं, चित्रं, ध्वनी, दृश्य आणि विद्युतचुंबकीय लहरी घेतल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं, त्याच कायद्याच्या छत्राखाली. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारं उघडली, ते परवानेही याच कायद्याखाली निघाले. जुलै २०१३ मध्ये तार सेवा बंद झाली. तार गेली, तारेचा कायदा इंटरनेटवर राज्य करत राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याची जागा घेतली, तोवर त्याचं वय १३८ वर्षांचं झालं होतं.

व्याख्याकारांना हे यश वाटावं. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. त्याच कायद्यानं अशी सगळी साधनं चालवण्याचा विशेषाधिकार सरकारकडे ठेवला होता. व्याख्या जितकी रुंद, तितका परवान्याचा हात लांब. घरच्या रेडिओचंही लायसन्स पोस्टातून काढावं लागे, हे आजच्या साठी-सत्तरीतल्या वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकापर्यंत ते चाललं. संगीत नाटक ऐकणारा श्रोता परवान्याच्या कक्षेत आला, कारण व्याख्येला श्रोता आणि तारमास्तर यांत फरक करायचं कारण दिसलं नव्हतं. ही अतिव्याप्ती. नव्या कायद्याच्या २०२२ च्या मसुद्यात इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेशसेवांचा उघड उल्लेख होता, त्यावर वाद झाला, आणि २०२३ च्या मजकुरात तो उल्लेख राहिला नाही. ‘दूरसंचार’ या शब्दाची रुंद व्याख्या मात्र राहिली, आणि तिच्यात काय काय मावतं ही चर्चाही.

तंत्रज्ञानाला निरपेक्ष असलेली व्याख्या सत्तेलाही निरपेक्ष असते, असं समजू नये. यंत्राचं नाव काढलं की व्याख्येचं एक कुंपण कमी होतं. ते काढताना दुसरं कुंपण घालावं लागतं: कामाचं, नात्याचं, हेतूचं. युरोपीय व्याख्येतली ‘स्वतंत्र’, ‘फक्त जाळ्यांनाच’ आणि ‘ढवळाढवळ नाही’ ही ती कुंपणं आहेत. तार कायद्याच्या व्याख्येला ती नव्हती.

मोजमाप परिशिष्टात

मग यंत्र, वेग, थर यांचा उल्लेख कुठेच करायचा नाही का? करायचा, पण योग्य जागी. आपल्याकडचा ‘ब्रॉडबँड’ पाहा. २००४ च्या धोरणात त्याची व्याख्याच वेगानं झाली: किमान २५६ किलोबिट. २०१३ मध्ये ते ५१२ किलोबिट झालं, जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. मधल्या प्रत्येक टप्प्याच्या शेवटी शेवटी कायद्यानं ब्रॉडबँड असलेली जोडणी वापरणाऱ्याला रडकुंडीला आणत असे. व्याख्येत आकडा कोरला की तो बदलायला नवी अधिसूचना लागते, आणि ती निघेपर्यंत कागद व व्यवहार यांची फारकत होते.

शहाणा मसुदाकार वस्तूची ओळख व्याख्येत लिहितो आणि मोजमाप परिशिष्टात ठेवतो. दर दोन वर्षांनी तपासावं असं परिशिष्टातच लिहून ठेवतो. एक्स्चेंजच्या बाबतीत कोणत्या प्रकारचा पोर्ट, किती वेग, पत्ते कसे द्यायचे, हे सगळं परिशिष्टाचं. तीन स्वतंत्र जाळी आणि मध्ये न पडणं, हे व्याख्येचं.

याची किंमतही सांगायला हवी. ‘स्विच’ दाखवता येतो, त्याला हात लावता येतो. ‘सोय’ दाखवता येत नाही. यंत्राचा शब्द गेला की तपासणी करणाऱ्याला कागद वाचून, करार बघून, वाहतूक कुठून जाते हे समजून घ्यावं लागतं. सरकारी कचेरीत यादीतल्या खुणा करणं सोपं, अर्थ लावणं कष्टाचं. म्हणूनच मसुद्यांमध्ये यंत्रांची नावं पुन्हा पुन्हा घुसतात.

घरचा अभ्यास

हे सारं दूरचं वाटत असेल, तर आपल्या सोसायटीचे जुने ठराव काढा. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत नव्वदीच्या दशकात एक ठराव झालेला असतो: ‘केबल टीव्हीच्या वायरी डक्टमधूनच न्याव्यात.’ पुढे ब्रॉडबँडवाला आला. त्याची वायर केबल टीव्हीची नव्हती, म्हणून ती बाल्कन्यांवरून गेली. मग काचतंतूवाला आला आणि त्यानं जिन्याची वाट धरली. ठराव अजून लागू आहे, आणि इमारतीच्या तोंडावर वायरींची जाळी लोंबते आहे. अव्याप्ती शिकायला याहून जवळचा फळा नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव नव्यानं लिहून पाहा. पहिला खर्डा बहुधा असा होईल: ‘इमारतीत बाहेरून येणारी कोणतीही वायर डक्टमधूनच न्यावी.’ लगेच विचारा, दिवाळीतला आकाशकंदील आणि गणपतीतली रोषणाई यात सापडते का? सापडते. म्हणजे अतिव्याप्ती. मग लिहा: ‘एकाहून अधिक सदनिकांना कायमस्वरूपी सेवा देण्यासाठी बाहेरून येणारी कोणतीही वाहिनी.’ आता त्यात पाइपचा गॅस आला. तो यावा असं तुम्हाला वाटतं का, हे सभेत ठरवा, आणि नसेल तर कुंपण घाला. कंदील बाहेर, काचतंतू आत, आणि वीस वर्षांनी जे काही येईल तेही आत, असा मजकूर जमेपर्यंत खोडत राहा. त्यानंतर ट्रायचं पुढचं चर्चापत्र येईल तेव्हा तेही वाचा. त्यावर कोणालाही लेखी मत पाठवता येतं.